पाणी : दान की देणे?



उपवासकाळ सुरू झाला की आपल्या वऱ्हाडात ऊनही तापू लागते. चर्चमध्ये प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांची आठवण करून दिली जाते, आणि घरी नळ कधी येणार याची चौकशी सुरू होते. २२ मार्चचा जागतिक जल दिन बहुधा याच काळात येतो. उपासनेच्या 'अ' वर्षात उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमानही याच सुमारास वाचले जाते. भर दुपारी, थकलेले प्रभू येशू विहिरीच्या काठावर बसलेले आहेत. विहीर खोल आहे, जवळ पोहरा नाही. पाणी काढायला आलेल्या परक्या समाजातील बाईकडे ते पाणी मागतात.

या शुभवर्तमानावर बोलताना आपण लगेच जिवंत पाण्याकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण आज आपण थोडा वेळ त्या साध्या, पोहऱ्याने काढायच्या पाण्यापाशीच थांबू या. कारण त्या पाण्याविषयीचा एक प्रश्न आपल्याला भेडसावतो आहे. ज्याच्याकडे शुद्ध पाणी नाही, शौचालय नाही, हात धुण्याची सोय नाही, त्याला ती मिळवून देणे हे आपल्या बाजूने दान आहे की आपल्यावर असलेले देणे आहे?

मराठीत हे दोन शब्द किती जवळचे आहेत पाहा. पण वाण्याच्या वहीत जे लिहिलेले असते ते देणे असते, दान नसते. दान देणारा ठरवतो की कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे. त्याने नाही दिले तर त्याला कोणी जाब विचारत नाही, आणि दिले तर घेणाऱ्याने उपकार मानायचे असतात. देण्याचे तसे नाही. ते चुकवले तर अन्याय होतो आणि फेडले तर त्याचा गाजावाजा करण्याचे कारण उरत नाही. ज्याचे येणे आहे त्याने मान खाली घालायची गरज नसते. म्हणून हा केवळ शब्दांचा खेळ नाही. रांगेत गुंड घेऊन उभ्या असलेल्या बाईने मान वर ठेवायची की खाली, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आपल्या आसपासची स्थिती आधी पाहू. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णा नदीचे खोरे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या खोऱ्यातील मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील शेकडो गावे या खारपाणपट्ट्यात येतात. तेथे विहीर खणली, बोअर मारली, तरी जे लागते ते पिण्याजोगे नसते. पोटाच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी तेथे वर्षानुवर्षे ऐकू येतात. तेथील माणसाने कितीही कष्ट केले तरी आपल्या अंगणातून गोडे पाणी काढणे त्याच्या हातात नाही.

त्याच्या वर मेळघाट. चिखलदऱ्याला धो धो पाऊस पडतो, पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात कोरकू बायाबापड्यांना झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. आणि शहरांत? अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, पण ते रोज आणि सर्वांना सारखे येत नाही. नळ बंद असतो तेव्हा जलवाहिनीत दाब राहत नाही, आणि जेथे ती नालीतून गेली आहे व फुटली आहे तेथे नालीचे पाणी आत शिरते. म्हणजे धरणावर शुद्ध केलेले पाणी वस्तीत पोहोचेपर्यंत अशुद्ध होऊ शकते. नळ बरेच दिवस येत नाही म्हणून लोक टाकी, ड्रम, रांजण भरून ठेवतात. त्या साठ्यात डेंग्यूचा डास वाढतो. हे सारे सर्वांत आधी झोपडपट्टीत, नालीकाठच्या घरांत घडते. जेथे पैसे आहेत तेथे शुद्धीकरणाचे यंत्र आणि जार येतो.

आता जुलै २०२२ मधील एक घटना आठवा. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित पाण्यामुळे साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे आजारी पडली आणि काहींचे प्राण गेले. वीजबिल थकल्यामुळे नळयोजनेची वीज तोडली गेली होती, म्हणून लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले होते. येथे नीतिशास्त्राचा विद्यार्थी अडखळतो. कारण यात खुनी कोण? वीज तोडणाऱ्याने नियम पाळला. बिल न भरणाऱ्या गावाकडे वसुली नव्हती. विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना तहान लागली होती. कोणीही कोणाचे वाईट चिंतले नव्हते, तरीही माणसे मेली.

दयेच्या भाषेत या घटनेला नाव देता येत नाही. फार तर 'अरेरे' म्हणता येते. पण देण्याच्या भाषेत नाव देता येते. त्या गावाचे एक येणे होते, ते कोणीतरी बुडवले, आणि बुडवणारे अनेक असल्यामुळे प्रत्येकाला आपण निर्दोष वाटलो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात 'पापाच्या रचना' असा विचार मांडला होता. रचना आपोआप उभ्या राहत नाहीत. माणसांच्या लहान लहान दुर्लक्षांतून त्या उभ्या राहतात, आणि मग चांगल्या माणसाच्या हातूनही त्या वाईट घडवतात.

पण पाणी हे देणेच आहे, असे कशावरून? आपल्या ख्रिस्तसभेने तहानलेल्याला पाणी देणे हे दयेच्या कृत्यांत मोजले आहे, मग ती दयाच नव्हे का, असे कोणी विचारील. याला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. चौथ्या शतकातील संत अँब्रोज यांची शिकवण अशी होती की गरिबाला देताना श्रीमंत स्वतःचे देत नाही, त्याचेच त्याला परत करतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तोच विचार तर्काने मांडला. खासगी मालमत्ता योग्य आहे, असे ते मानतात. पण माणसाने ती सांभाळायची ती सर्वांची गरज भागावी म्हणून. म्हणून ज्याचा जीव जाण्याची वेळ आली आहे आणि दुसरा उपाय नाही, त्याने जगण्यापुरते दुसऱ्याचे घेतले तर ती खऱ्या अर्थाने चोरीच ठरत नाही, असे ते स्पष्ट सांगतात. विचार करा. तहानेने मरणाऱ्याने आपल्या माठातून पाणी घेतले तर तो चोर नाही. मग माठाला कुलूप लावणारा कोण?

आपल्या काळात पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पिण्याच्या पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले, आणि ज्या गरिबांना ते मिळत नाही त्यांचे जगावर ऋण आहे, असे सांगितले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८० सालीच, रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात, गटारे आणि शौचालये बांधायला पैसा नाही ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही, असा निकाल दिला. दान देणाऱ्याला 'आज खिशात नाही' असे म्हणता येते. देणेकऱ्याला ते म्हणून सुटता येत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते तिन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप असा की हक्क म्हटला की लोक पाणी फुकट मागतील, उधळतील आणि बिल भरणार नाहीत. यात तथ्य आहे. पाणी देवाचे असले तरी पाइप, मोटार, वीज आणि पाण्यात टाकायची टीसीएल पावडर विकत आणावी लागते. ज्याला परवडते त्याने पाणीपट्टी भरलीच पाहिजे. ती न भरणे म्हणजे शेजाऱ्याचे येणे बुडवणे होय. पण पिण्या-रांधण्याचे पाणी आणि गाडी धुण्याचे, लॉनवर फवारण्याचे पाणी यांना एकच न्याय लावता येत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणशी रोज ५५ लिटर हे माप धरले आहे. आपण आपल्या घरी एका आंघोळीला किती वापरतो, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. जगण्यापुरते पाणी हे येणे आहे. त्यापुढचे मोजून विकत घ्यावे, आणि थकबाकीसाठी जगण्यापुरते पाणी तोडू नये.

दुसरा आक्षेप असा की एकाला दिले की दुसऱ्याचे जाते. आपल्या जिल्ह्यांत हे डोळ्यांसमोर घडले आहे. वान धरणाचे पाणी बाळापूर आणि अकोला तालुक्यांतील खारपाणपट्ट्यातल्या ६९ गावांच्या योजनेला द्यायचे ठरले तेव्हा तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण त्यांचे ओलित त्याच पाण्यावर आहे. २०२३ साली योजनेच्या बाजूने लोक अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. येथे एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दुर्जन असे नव्हते. दोन्हीकडे कष्टकरीच होते. शासनाचे धोरण पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम देते, आणि नैतिकदृष्ट्याही तो क्रम बरोबर आहे, कारण पीक बुडाले तर भरपाई देता येते, बिघडलेले मूत्रपिंड परत देता येत नाही. पण येथेच न्यायाची खरी कसोटी लागते. ज्या शेतकऱ्याचे पाणी आपण इतरांच्या तहानेसाठी घेतो, त्याचे नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी मारणे म्हणजे एक देणे फेडण्यासाठी दुसऱ्याकडून उसने घेऊन ते विसरणे. देणे सर्व समाजाचे असेल तर त्याचा भारही सर्व समाजाने उचलला पाहिजे.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सारेच देणे असेल तर प्रेमाला जागा कोठे उरली? हक्क आणि कायदा यांच्या हिशेबात ख्रिस्ती माणसाने करायचे काय? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आपल्या मातीत शोधावे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी डेबूजी जन्मला. संत गाडगेबाबा म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हेच. ते कोठल्या खात्याचे अधिकारी नव्हते. गाव झाडण्याची जबाबदारी कोणी त्यांच्यावर टाकलेली नव्हती. तरीही गावात शिरले की आधी हातात खराटा, दिवसा रस्ते आणि नाल्या, आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने. घाण काढायचे काम समाजाने ज्यांच्या जन्मावर लादले होते, ते काम त्यांनी आपण होऊन हातात घेतले आणि गावाला लाज वाटायला लावली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले ते त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. म्हणजे प्रेमाला देणे आधी दिसते. कायदा मागाहून येतो. प्रेम न्यायाची जागा घेत नाही, ते न्यायाचे डोळे उघडते.

याच जिल्ह्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. त्याच्या थोडे आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते. तेथे गेलेले लोक ओंजळभर पाण्याची भीक मागायला गेले नव्हते. जे सर्वांचे आहे ते आपलेही आहे, हे सांगायला गेले होते. आपल्या धर्मग्रामातील काही घरांत अजून अशा आठवणी आहेत की आजी-पणजी विहिरीपासून दूर बसून राहायची आणि वरून कोणी ओतेल तेव्हा तिची घागर भरायची. ओतणारीला वाटत असेल की आपण पुण्य करतो आहोत. दान आणि देणे यांतला फरक त्या घागरीला नक्कीच कळत होता.

मात्र पाण्याइतकेच शौचालयाचे आहे, आणि त्याविषयी आपण चर्चमध्ये बोलायला लाजतो. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून पुष्कळ शौचालये बांधली गेली. पण जेथे पाणी नाही तेथे त्यांचा वापर कसा होणार? अंधाराची वाट पाहणाऱ्या बाईला, पाळीच्या दिवसांत शाळेत न जाणाऱ्या मुलीला त्या चार भिंती पाण्याशिवाय उपयोगाच्या नाहीत. आणि शौचालय झाले तरी त्याची टाकी कधीतरी भरते. ती कोण उपसतो? हाताने मैला उपसून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे टाकीत आणि गटारात उतरून गुदमरून मरतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हे देण्याचे दुसरे पान आहे. पाणी ज्याला मिळाले नाही त्याचे जसे आपण देणे लागतो, तसेच आपली घाण ज्याने उचलली त्याचेही लागतो. पेला वेगळा ठेवून ते फिटत नाही.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. उन्हाळ्यात आपल्या आवारातील बोअरचे पाणी घ्यायला मागच्या वस्तीतील लोक फाटकाशी येतात, हे आपण जाणता. मंडळाच्या बैठकीत यावर दोन मते पडली. काहींचे म्हणणे असे की बोअर खाली गेली आहे, तेव्हा आधी आपल्या लोकांचे पाहावे आणि फाटकाला कुलूप लावावे. काहींचे म्हणणे असे की उपवासकाळ आहे, दया म्हणून तासभर पाणी द्यावे. दोन्ही मते मांडणारे आपलेच, आणि दोघांचीही काळजी खरी आहे. पण दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात की ते पाणी आपले आहे आणि ते देणे न देणे आपल्या मर्जीवर आहे. आम्हाला तेथेच थांबावेसे वाटते. बोअरचा खर्च आपण केला, मोटार आपली आहे, विजेचे बिल आपण भरतो. पण जमिनीखालची ओल कुंपण ओळखत नाही. वस्तीच्या पायाखालचे पाणीच आपल्या पाइपातून वर येते.

म्हणून आम्ही मंडळापुढे असे सुचवत आहोत. फाटकाच्या बाहेरच्या बाजूला तोटी बसवावी, म्हणजे घेणाऱ्याला आत येऊन विनंती करावी लागणार नाही. पिण्यासाठी घरटी ठरावीक गुंड, सर्वांना सारखे, मग ते चर्चला येणारे असोत वा नसोत. बागेला आणि फरशी धुण्याला बोअरचे पाणी जूनपर्यंत बंद. पाण्याची तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत करून घ्यावी, कारण अशुद्ध पाणी वाटणे म्हणजे खोटे नाणे देऊन देणे फेडल्यासारखे आहे. छतावरचे पावसाचे पाणी येत्या पावसाळ्याआधी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. जे उपसतो ते परत भरणे हेही देणेच आहे. आणि वस्तीच्या नळासाठी महानगरपालिकेकडे जो अर्ज द्यायचा आहे, त्यावर वस्तीच्या लोकांबरोबर आपल्याही सह्या असाव्यात. आपली तोटी त्या नळाला पर्याय नाही. चर्चने पाणी दिले म्हणून महानगरपालिका सुटली, असे होता कामा नये.

घरोघरी काय करता येईल? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, टाकी आणि रांजण घासून रिकामे करावेत. माठात हात किंवा पेला न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे. शौचानंतर आणि जेवणाआधी मुलांना साबणाने हात धुवायला लावावे. जुलाबाच्या आजारांना अडवणारा याहून स्वस्त उपाय नाही. शौचालयाची टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी, माणसाला आत उतरवू नये, मग दोन पैसे जास्त लागले तरी चालतील. खेड्यात नातेवाईक असतील त्यांनी ग्रामसभेत विचारावे की पाण्यात टीसीएल रोज पडते का आणि जलसुरक्षक तपासणी करतो का. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. देणेकऱ्याला हिशेब विचारण्याचा तो हक्क आहे.

एक शंका कोणाच्या मनात राहील. उपवासकाळातील दानधर्माचे मग काय? दानधर्म आहेच. आपण स्वतःच्या ताटातले काढून देतो, कोणी मागितले नसताना देतो, ज्याने आपल्याला दुखावले त्यालाही देतो, ते दान. पण देणे फेडल्याशिवाय दान करू नये, असे आपले वाडवडील सांगत. सावकाराचे थकवून जेवणावळी घालणाऱ्याला गाव हसत असे. तहानलेल्याचे येणे थकवून आपण वेदीवर काय ठेवणार?

त्या विहिरीवर प्रभूने पाणी मागितले, हे विसरू नये. ज्याने समुद्र निर्माण केले त्याच्या हाती त्या दिवशी पोहरा नव्हता. पुढे शिष्यांना शिकवताना तहानलेल्यांमध्ये आपण स्वतः असतो, असेही त्याने सांगितले. मग फाटकाशी रिकामा गुंड घेऊन जो उभा आहे, त्याच्याकडे आपण याचक म्हणून पाहायचे की ज्याचे येणे आहे असा माणूस म्हणून, याचे उत्तर प्रत्येकाने प्रार्थनेत शोधावे. मंडळाची बैठक पुढील रविवारी मिस्सानंतर आहे. सर्वांनी यावे, आणि ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी तर अवश्य यावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू